आठ मिनिटांतले चाळीस सेकंद

मूळचा मी राजापूरकडचा. वडील पोस्टाबाहेरच्या ओट्यावर बसून लोकांची पत्रं लिहून द्यायचे, अर्ज लिहून द्यायचे, पोस्टात नोकरीला नव्हते, पण गाव त्यांना पोस्टमास्तरच म्हणायचं. म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं कागदावर उतरवायचं काम आमच्या घरात आधीपासूनचं, आणि आज ताई, तुम्ही समोर बसून माझं उतरवून घेताय. मंडळाच्या दिवाळी अंकाला म्हाताऱ्यांच्या आठवणी हव्यात म्हणालात, दुबईतली चाळीस वर्षं, वाळूचे टॉवर कसे झाले वगैरे. ते सांगतो, पण थोडक्यात, कारण मला दुसरंच काही सांगायचंय, आणि ते राहून गेलं तर ह्या चाळीस वर्षांना काही अर्थ नाही.

इथे आलो तो बर दुबईत एका टायपिंग सेंटरमध्ये चिकटलो. व्हिसाचे अर्ज, लेबर कार्ड, भाडेकरार, जे लागेल ते टाइप करून द्यायचं, आधी इंग्रजी, मग अरबीही शिकलो. पहिल्याच वर्षी आपल्या खेडकडच्या एका माणसाची जन्मतारीख मी चुकीची टाकली. कागद परत आले, पुन्हा सगळं करण्यात महिना गेला आणि बहिणीच्या लग्नाला तो पोचलाच नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, तो नुसता म्हणाला, मास्टर, एकदा वाचून तरी दाखवायचं होतंत. तेव्हापासून मी नियम केला, छापण्याआधी अख्खा अर्ज माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याने हो म्हटलं की मगच सही. रांग लागलेली असायची, लोक म्हणायचे यल्ला मास्टर, यल्ला, आटपा लवकर, पण मी वाचायचोच. लोक लांबून माझ्याकडे यायचे त्याचं कारण हेच.

आता सदाचं सांगतो. सदानंद चिपळूणचा. एकाच खोलीत आम्ही आठ जण राहायचो, सदाची खाट खाली आणि माझी वर, आणि खिडकीतल्या एसीचा झोत थेट त्याच्या खाटेवर यायचा. हसू नका, माझ्या पोटातलं दुखणं त्या झोतापासून सुरू झालंय. तो बी.कॉम., हमरियाच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये लागला, मग सीनियर झाला, मग मॅनेजर झाला, अल मनखूलला दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊन सुनंदावहिनींना आणलं. मी त्याच खुर्चीवर होतो. खुर्ची दोनदा बदलली, बसणारा तोच. पण सदाच्या वागण्यात कधी फरक पडला नाही, हे सांगायला पाहिजे. माझी बायको मंगल आजारी होती तेव्हा दोन महिने वहिनींच्या घरून डबा आला, मंगल गेली तेव्हा सदाच धावपळ करत होता. माणसाने वाईट तरी वागावं म्हणजे जळायला कारण मिळतं, त्याने तेवढीही सोय ठेवली नाही.

त्याची केतकी आणि माझा नीलेश एका वर्गात होते. दोघांनाही अमेरिकेला शिकायला जायचं होतं. दोघांचेही व्हिसाचे फॉर्म मीच भरले, एकाच टेबलावर, एकाच आठवड्यात, दोघांनाही वाचून दाखवले. केतकीचं झालं. नीलेशला नाही म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा भरला, पुन्हा नाही. तो आज इथेच सेल्समध्ये आहे, इंटरनॅशनल सिटीत आम्ही राहतो, सून चांगली आहे, नातवंडं माझ्याशी इंग्रजीत बोलतात, काही कमी नाही. पण काय सांगू तुम्हाला, सदाच्या फ्रिजवर अमेरिकेचं एकेक मॅग्नेट वाढत गेलं, आणि त्यांच्याकडे पाणी प्यायला म्हणून उठलो की माझा हात त्या फ्रिजच्या दाराला लागायचा आणि तहान जायची.

रिटायर झाल्यावर आमचा शनिवारचा कट्टा सुरू झाला, सदाच्या घराखालच्या कॅफेटेरियात, करक चहा घेऊन. दहा-बारा जण. बोलायचं कशावर? इथल्या राजकारणावर बोलायचं नाही, ते सगळ्यांना ठाऊक. भारताच्या राजकारणावर बोललं की दोन जण उठून जातात आणि महिनाभर येत नाहीत. मग उरली अमेरिका. अमेरिका कुणाच्या बापाची नाही, तिच्यावर मनसोक्त भांडता येतं. आणि त्यात मी पुढे. मी रोज तीन तीन तास तिथले चॅनेल बघायचो, दोन्ही बाजूंचे बघायचो, आणि कट्ट्याच्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाकायचो. वसंताची अमेरिका, असं त्याला नाव पडलं. हमरियाला कामाला जाणाऱ्या बसमधली पोरं ती लावून ऐकायची. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं म्हणणं ऐकत होते, नाहीतर तोवर मी लोकांचंच म्हणणं टाइप करत आलो.

माझी मतं तेव्हा होती तीच आज आहेत, ती मी मागे घेत नाही. ज्याने रांगेत उभं राहून, कागद गोळा करून, शिक्का मारून घेऊन दुसऱ्याच्या देशात पाऊल टाकलं, त्याचा मान वेगळा आणि कुंपणावरून उडी मारणाऱ्याचा वेगळा, हे मला चाळीस वर्षांच्या टेबलाने शिकवलं. मोर्चा काढा, हक्क आहे तुमचा, पण दुकानाची काच फोडलीत ती कुणाची? जो सकाळी सहाला शटर उघडतो त्याची. आणि मागे ज्वाळा दिसतायत आणि पुढे उभा राहून बातमीदार सांगतोय की निदर्शनं बहुतांशी शांततेत पार पडली, ह्याला मी बातमी म्हणणार नाही. माझं नेहमीचं वाक्य ठरलेलं होतं, मीडियाने पूर्ण दाखवावं, मधलं कापू नये, लोक काय ते ठरवतील.

पण मी आठवडाभर बघून, ऐकून, नोंदी काढून काही सांगायला लागलो की सदा हळूच म्हणायचा, अरे वसंता, केतकी म्हणते तसं काही नाहीये तिथे. खलास. दहा माना त्याच्याकडे वळायच्या. केतकी काय म्हणते, केतकी काय म्हणते. तिचं एक वाक्य आणि माझा अख्खा आठवडा. एकदा कुणीतरी म्हणालं, वसंतराव टीव्हीवरून सांगतात, सदाभाऊंकडे घरचं माणूस आहे. सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवशी मी चहा अर्धा टाकून उठलो.

आणि मग त्या गोष्टीचा दिवस आला. दोन वर्षं झाली. केतकीच्या शहरात निदर्शनं चालली होती, टीव्हीवर तेच. सदाने मला एक व्हिडिओ पाठवला, आठ मिनिटांचा, केतकीच्या मैत्रिणीने काढलेला. खाली लिहिलं होतं, तुझ्या अमेरिकेसाठी माल पाठवलाय, पण फक्त तुला आणि ठाण्याला मेव्हण्याला, प्रकाशला पाठवलाय, पुढे टाकू नकोस, तिच्या व्हिसाचा प्रश्न आहे.

मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल. सुरुवातीला केतकी मोर्चात चाललीय, हात वर करून घोषणा देतेय. मग काही पोरं बाजूने येतात, तोंडं बांधलेली, आणि एका किराणा दुकानाची काच फोडतात. इथपर्यंत तीन मिनिटं. मग पुढची पाच मिनिटं केतकी आणि तिच्याबरोबरची चार-पाच मुलं हातात हात धरून त्या दुकानाच्या दारात उभी राहतात, आत एक म्हातारा आहे दुकानदार, आणि ती पोरं शिव्या देतात, काही फेकतात, ही हलत नाही. शेवटी मराठीत म्हणते, बाबा, घाबरू नका, मी ठीक आहे.

म्हणजे बघा, मी जे दोन वर्षं व्हॉइस नोटमध्ये बोलत होतो, की दुकानदाराच्या बाजूने कुणी उभं राहत नाही, ते ती पोरगी करत होती. माझ्या मताची ती, माझ्यापेक्षा जास्त माझ्या मताची. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आलं ते एवढंच, की हा व्हिडिओ शनिवारी सदा आपल्या फोनवर सगळ्यांना दाखवणार, मग वसंताची अमेरिका संपली.

सुनेने मला नातवाच्या वाढदिवसाचे व्हिडिओ कापायला, जोडायला शिकवलं होतं. मी हात वर केलेली केतकी घेतली, आणि त्याला लागून काच फुटते ते घेतलं. चाळीस सेकंद. बाकीचं काढून टाकलं. आमच्या ग्रुपवर नाही टाकला, गावाकडच्या एका ओळखीच्याला पाठवला, लिहिलं, दुबईत वाढलेल्या चिपळूणच्या पोरी अमेरिकेत काय दिवे लावतात बघा. बस. चौथ्या दिवशी तो फिरत फिरत आमच्या कट्ट्याच्या ग्रुपवर आला, आणि तोवर लोकांनी खाली केतकीचं नाव, गाव, ती शिकवते ते कॉलेज, सगळं लिहिलेलं होतं.

त्या शनिवारी सदा आला आणि कुणी त्याला केतकी काय म्हणते विचारलं नाही. तो म्हणाला पूर्ण व्हिडिओ वेगळा आहे, पण तो दाखवू शकत नाही, केतकीला वकिलाने आता काहीही कुणाला दाखवू नका, बाहेर टाकू नका म्हणून सांगितलंय. लोक माना हलवत होते, विश्वास कुणाचा नव्हता. आणि मी काय केलं माहितीय? मी व्हॉइस नोट केली, आजच्या मुलांना घरचे संस्कार कसे कमी पडतात त्यावर. नाव घेतलं नाही. गरज नव्हती.

कट्टा संपल्यावर त्याच्या घरी जिना चढताना सदा मला म्हणाला, वसंता, दोघांनाच पाठवला होता मी. तू आणि प्रकाश. मग तोच म्हणाला, प्रकाश असं करेल असं वाटलं नव्हतं. ताई, त्याच्या मनात माझं नाव आलंसुद्धा नाही. आणि मी म्हणालो, सदा, नातेवाईक असेच असतात.

हा प्रकाश म्हणजे सुनंदावहिनींचा एकुलता भाऊ. वडिलांच्या माघारी त्यानेच त्यांना शिकवलं, लग्न लावून दिलं. तो फोनवर शपथा घेत राहिला, वहिनींनी फोन ठेवला तो ठेवलाच. दोन भाऊबीजा गेल्या. वहिनी ताट करायच्या आणि चंद्राला ओवाळायच्या, भाऊ नसलेली बाई ओवाळते तसं. मी तिथे बसलेलो असायचो. मला फराळाची बशी मिळायची. केतकी दोन वर्षं घरी आली नाही, अमेरिकेबाहेर पडले तर परत आत घेतील की नाही ह्या धास्तीने. गावाकडचा तो ओळखीचा मागल्या वर्षी वारला, म्हणजे सांगणाराही कुणी उरला नाही. मी सुटलो होतो.

आता सदाचा व्हिसा संपतोय, ह्या महिनाअखेर दोघं कायमचे चिपळूणला चाललेत. मागच्या शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. सगळीकडे खोकी, वहिनी स्टीलचे पेले पेपरात गुंडाळत होत्या. मी विचारलं, मुंबईला उतरून ठाण्याला थांबणार ना एक दिवस? वहिनी म्हणाल्या, ठाण्याला आता माझं कोण आहे भाऊजी? आणि पेला खोक्यात ठेवला.

तेव्हा मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, कुणी बस म्हटलं असतं तर बहुतेक सांगितलं नसतं. सदा म्हणाला, म्हणजे प्रकाश नव्हता. एवढंच, दोनदा. वहिनींनी विचारलं, का हो भाऊजी? आमचं काय चुकलं होतं? मी म्हणालो, तुमचं काही चुकलं नाही वहिनी, मला बघवत नव्हतं. त्या म्हणाल्या, माझ्या दोन भाऊबीजा तर बघवल्या तुम्हाला.

वहिनींनी ठाण्याला फोन लावला, तिथेच, खोक्यांच्या मधे बसून. पलीकडे उचलला गेला. मग प्रकाशचा आवाज आला, जेवलीस का गं? वहिनी रडायला लागल्या, आणि तो तिकडून नुसता म्हणत राहिला, हो गं, हो, कळलं. त्याने काय झालं, कुणी केलं, काही विचारलं नाही. आणि ताई, खोटं कशाला बोलू, तेव्हासुद्धा माझ्या पोटात कळ आली. दोन वर्षं तोडलेलं एका प्रश्नात जुळतं, एवढं ह्यांच्यात आहे, माझ्या घरी कुणी मला असं विचारेल का. ही खोड माझ्याबरोबरच जळेल.

सदाने केतकीला फोन लावून माझ्या हातात दिला. ती म्हणाली, वसंतकाका, तुम्हीच म्हणायचात ना, मीडियाने पूर्ण दाखवायला हवं? मग दाखवा. माझं व्हिसाचं काम झालंय आता, आय डोंट केअर. तिने एवढंच सांगून बाबांना फोन द्यायला सांगितलं. सदा म्हणाला, ग्रुपवर टाक, तुझ्या आवाजात, नेहमी बोलतोस तसा. तर टाकला. आठ मिनिटांचा पूर्ण व्हिडिओ आणि खाली माझी व्हॉइस नोट, की कापणारा मी होतो. कुणी उत्तर दिलं नाही. उद्याच्या शनिवारी कट्ट्यावर जाईन, खुर्ची ठेवली असेल तर बसेन. सदा माझ्याशी बोलेल न बोलेल, तो सुखरूप घरी पोचो, पोरीला कधीही विनाकारण अडवलं न जावो, एवढं मागणं आहे. नीलेशला अजून सांगितलेलं नाही. अंकात वाचेल.

तर आता तुम्ही मला हे वाचून दाखवा, पहिल्यापासून. टायपिंग सेंटरमध्ये मी हजारो लोकांना वाचून दाखवलं, त्या चाळीस सेकंदांचं तेवढं कुणालाच दाखवलं नव्हतं. मधलं काही सोडू नका, जिन्यावरचं पण वाचा.

हो. असंच झालं. द्या पेन, सही करतो.