जनाचा ट्रॅक्टर कुठे जाणार

बसा, बसा सगळे. मागे उभे आहात त्यांनीही पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. आंबिवलीच्या आसपासच्या गावांतून माणसं आलीत, दिव्याहून आमचे मामेभाऊ आलेत, बिल्डिंगमधले शेजारी आहेत, आणि जनाच्या गॅरेजवाल्या दोस्तांची तर अख्खी फौज आहे. तुम्हा सगळ्यांचे आभार. मी विमल, जनार्दनची मोठी बहीण. कोपरीच्या शाळेत जन्मभर पोरांना गप्प बसवलं, त्यामुळे बोलायची भीती मला कधी वाटली नाही. आज वाटतेय. धाकटा भाऊ गेल्यावर मोठ्या बहिणीने काय बोलायचं असतं, ते कोणी शिकवत नाही हो. मला त्याची फार आठवण येते. बस, हे बोलून झालं. आता रडायचं नाही, कारण मला आज इथे एक काम करायचंय.

काम कसलं ते आधीच सांगते. बिल्डिंगच्या मागे पत्र्याची शेड आहे. शेडमध्ये जनाचा ट्रॅक्टर आहे. सोमवारी तो उचलायला गाडी येणार आहे. मुरबाड रोडला ज्यांचं रिसॉर्ट आहे ते दादा इथेच बसलेत. नमस्कार. त्यांना तो गेटवर ठेवायचाय. इंजिन काढून टाकायचं, गुलाबी रंग मारायचा, आत फुलझाडं लावायची. लोक येतील, फोटो काढतील. माणूस चांगला आहे, माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. जनाची मुलं, माझे भाचे राकेश आणि निलेश, हो म्हणून बसलेत. माझं भांडण त्यांच्याशी आहे.

नवीन लोकांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. हा ट्रॅक्टर आमच्या बाबांनी आणलेला. बाबा पावसाळ्यात भात लावायचे आणि पावसाळा सरला की मिठागरावर कामाला जायचे. मिठागराच्या शेटने जुना विलायती ट्रॅक्टर टाकायला काढला, तो बाबांनी उचलला. गावातलं पहिलं इंजिन. पहिल्याच चिखलणीला तो खाचरात रुतला. चाकं नुसती गरगर फिरतायत, चिखल उडतोय आणि बाबा वर राजासारखे बसलेत. शेवटी बाहेर कोणी काढला? आमच्याच रेड्यांनी. अख्खा गाव बांधावर बसून हसत होता. आई म्हणाली, "रेड्यांना वढाया कायतरी पायजे म्हनून आनलाव का?"

त्यानंतर बाबांनी त्याला खाचरात कधी नेलं नाही. पण त्याच्या अंगाला एक मोठी पुली होती. तिच्यावर पट्टा चढवायचा आणि दुसरं टोक भात भरडायच्या मशीनला लावायचं. झाली गिरणी. ट्रॅक्टर जागचा हलायचा नाही, पण उभ्या उभ्या गावाचं भात भरडायचा आणि उरलेल्या वेळात विहिरीचं पाणी खेचायचा. बाकीची पोरं आईच्या मागे मागे, आमचा जना इंजिनाच्या मागे मागे. जेवायला बोलवायचं तर ते आधी बंद करावं लागे.

मी त्याला एकदा विचारलं, अरे, त्या लोखंडात आहे काय एवढं? जग कुठल्या कुठे गेलं. तो म्हणाला, "ताय, आताची गारी बंद परली का तिला कंप्युटर लावतान. ही सोता सांगते मना काय झालाय. बस वर, आयक." आणि मला त्या लोखंडी सीटवर बसवलं. ती सीट म्हणजे भोकं पाडलेली कढई. मग त्याचा सोहळा सुरू झाला. आधी थोडं पेट्रोल. पुढे हँडल घालायचं. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत घ्यायचा नाही, नाहीतर हँडल उलटं फिरलं की अंगठा गेला. मग एक झटका. इंजिन गरम झालं की पेट्रोल बंद आणि रॉकेल सुरू. दोनच सिलिंडर, पण केवढाले. धप्प. मग काहीच नाही. वाटायचं, संपलं, मेलं बिचारं. मग पुन्हा धप्प. त्या मधल्या वेळात जना श्वास धरून उभा. आणि मग ते एकदाचं लयीत आलं की त्याच्या तोंडावर जे हसू यायचं, ते राकेश, तुझ्या जन्माच्या वेळी पण मी पाहिलं नव्हतं. खरं तेच सांगते.

आणि सगळं उघडं हो. पट्टा कुठे जातो, पंखा कशाने फिरतो, तेल कुठून थेंब थेंब येतं, सगळं डोळ्यांनी दिसतं. मी भाषा शिकवणारी बाई, पण मलाही कळलं. माझा मोबाइल आतून कसा चालतो ते मला मरेपर्यंत कळायचं नाही.

लग्नालाही हा त्याच ट्रॅक्टरवरून गेला. सगळ्यांनी समजावलं, बाबा रे, गाडी करू या. ऐकेल तर जना कसला. खाडीपलीकडे सुगंधाच्या दारात पोहोचला आणि मांडवासमोर इंजिन बंद. मुहूर्त टळायला आलेला, भटजी घड्याळ बघतायत आणि नवरदेव मुंडावळ्या कानामागे सारून हँडल मारतोय. सुगंधाने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. तिने मैत्रिणीला विचारलं, "नवरा आलाय का गॅरेजवाला?" दोन्ही एकच आहेत, हे तिला मग कळलं. लग्नानंतर तिला देवदर्शनाला जेजुरीला नेली. परत आले तेव्हा पिशवीत भंडारा चिमूटभर आणि लोखंड पोतंभर. वाटेत कुठल्याशा भंगारवाल्याकडे याला हवा तो दांडा सापडला होता. सुगंधा ट्रॅक्टरला सवत म्हणायची. शर्टाचे ऑइलचे डाग घासता घासता म्हणायची, "माझ्या सवतीला मीच न्हाऊ घालते."

पुढे शेतं गेली, बिल्डिंगी आल्या. आपल्यात कोणी बिल्डरकडे गाळा मागितला, कोणी वरचा मजला. जनाने काय मागितलं? पत्र्याची शेड. बिल्डरला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मग दर रविवारी सकाळी धप्प, धप्प. नवीन राहायला आलेल्यांनी तक्रारी केल्या, धूर येतो, झोपमोड होते. तिसऱ्या मजल्यावरचे साताऱ्याकडचे काका तर भांडायला म्हणून खाली उतरले. जनाने त्यांच्या हातात हँडल दिलं. तेव्हापासून दर रविवारी चहाचा थर्मास घेऊन तेच आधी हजर असायचे. काका, हसताय काय, खोटं सांगतेय का मी? खंडेनवमीला तर अख्खी बिल्डिंग त्या शेडमध्ये यायची. ज्यांच्या घरी पुजायला कोयता नाही की विळा नाही, ते जनाच्या ट्रॅक्टरला झेंडू वाहायचे.

आता परवाची गोष्ट. जनाचं दहावं होतं, नदीवर. तुमच्यातले बरेचजण होतात तिथे. सगळ्यांना एकच धास्ती, कावळा शिवणार नाही. माणसाचा जीव कशात अडकला असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, मग घरचे हात जोडून एकेक वचन देतात. जनाचा जीव कशात अडकला असणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. राकेश आणि निलेशची कुजबुज माझ्या कानावर आली. अडून बसला तर ट्रॅक्टरचं वचन द्यावं लागणार, मग रिसॉर्टवाल्यांना काय सांगायचं? मी मनात म्हटलं, विमल, तू गप्प राहा. कावळा आपलं काम करेल.

पिंड मांडले. बाजूला त्याच्या आवडीचा बटाटवडा आणि अर्धा कप चहा. भटजी नीट बाजूलाही झाले नव्हते आणि कावळा आला. शिवला. नुसता शिवला नाही, वडा उचलून घेऊन गेला आणि येताना दोन सोबती घेऊन आला. इतका हावरट कावळा मी जन्मात पाहिला नाही. मला त्याचा राग आला, खरं सांगते.

राकेशने हात जोडले आणि म्हणाला, "आत्या, बघितलंस ना? पप्पांचं मन कशातच अडकलं नव्हतं. आता देऊन टाकायला हरकत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. हिशोब बरोबरच होता.

तेव्हा सुगंधा बोलली. ती बायकांमध्ये बसली होती. म्हणाली, "त्यांचा जीव नसल अरकला. माझा अरकलाय." मग म्हणाली, "रविवारी तो चालू झाला का मना कलायचा, मानूस घरान हाय."

एवढंच. भांडी गोळा केली आणि सगळे घरी आलो. सोमवारची गाडी मात्र अजून ठरलेलीच आहे.

म्हणून मी आज इथे उभी आहे. आपण काय माणसं आहोत हो. मेलेल्याला काय हवंय ते विचारायला नदीवर जातो, कावळ्याच्या विनवण्या करतो. घरात जिवंत बाई बसली आहे, तिला विचारायचं कोणाला सुचलं नाही. तिने आयुष्यभर त्या ट्रॅक्टरला शिव्या दिल्या, म्हणून आपण धरून चाललो. शिव्या काय, आपण आपल्याच माणसाला देतो.

तर मी विचारते. सुगंधा, या सगळ्यांच्या समोर सांग. जाऊ दे का राहू दे?

ऐकलंत? मागे ऐकू गेलं नसेल तर मी सांगते. राहू दे म्हणाली.

राकेश, उठू नकोस, बसूनच बोल. नुसती मान हलवून चालणार नाही, वर्गात पण मी ते चालवून घेत नसे. हां. राहील म्हणतोय. निलेश? तू पण? शहाणी पोरं. रिसॉर्टवाले दादा, तुम्ही मनावर घेऊ नका. रविवारी या, हे काका हँडल मारतील, तुम्ही चालता ट्रॅक्टर बघा.

झालं माझं काम. आता सगळे उभे राहा, मोबाइल बंद करा, दोन मिनिटं शांत राहू या. सुगंधा, तू उठू नकोस, बसून राहा. जनाला आता काही नकोय, ते कावळ्याने सांगितलंच. आम्ही तुझ्यासाठी उभे राहतोय.