कापलेला कोपरा

जळणं म्हणजे काय, ते मले विचारा. आमच्या प्रयोगशाळेत सक्करदऱ्याची विमल होती. आम्ही दोघंही प्रोटीन वेगळी करायचो. त्यासाठी जेलीचा एक पातळ पापुद्रा असे, त्याले जेल म्हणत, आणि शेवटी तो निळ्या रंगात बुडवायचा. विमलच्या जेलवर निळे पट्टे असे उमटत, जसे कोणी पट्टी धरून ओढले. माझ्या जेलवर दौत सांडल्यासारखी दिसे. सर रोज म्हणत, "विमलचं पाहा जरा." अरे, पाहून पाहूनच तर मी जळून राहिलो होतो!

एक दिवस जास्तीचा रंग धुवायले ठेवलेले दोन ट्रे टेबलावर होते. एकात सुंदर पट्टे, दुसऱ्यात नुसता निळा चिखल. आणि चिखल विमलच्या जागेवर! मी धावत जाऊन सरांले घेऊन आलो. म्हटलं, "सर, आज विमलचं पाहा जरा."

सरांनी चिखल उजेडात धरला. "याचा वरचा कोपरा कापलाय."

जेल कोणाची ते कळावं म्हणून आम्ही एक कोपरा कापत असू. विमल खालचा कापायची. वरचा कोण कापतं, ते सगळ्यांले माहीत होतं.

"पण ट्रे तर हिच्या जागेवर आहे!" मी म्हणालो.

"मीच सरकवला," विमल म्हणाली. "तुझ्या ट्रेवर ऊन येऊन राहिलं होतं."

निदान हसली असती तर बरं वाटलं असतं. ती हसली नाही. माझी जेल नीट निरखून म्हणाली, "कोपरा मात्र मस्त कापला गा तू."