शोरूममध्ये दादांनी विचारलेला प्रश्न

ही गाडी कशी निवडली म्हणताय ना, तर ऐका. भाटघरहून रोज पुण्याला नोकरीला जायचं, म्हणून शोरूममध्ये मी नुसतं ॲव्हरेज विचारत होतो. आमचे दादा, म्हणजे वडील, बरोबर होते. आई गेल्यापासून ते फारसं बोलत नव्हते. पण मध्येच त्यांनी सेल्समनला विचारलं, "वाटंत बंद पडली तर वो?"

तो हसून म्हणाला, "काका, काळजीच नको. फोन करा, तासाभरात मेकॅनिक हजर!"

दादा म्हणाले, "याच्या आईच्या छातीत दुखाया लागलं, तवा कापूरहोळपाशी आमची जुनी गाडी बंद पडली. मेकॅनिक तासाभरातच आला व्हता."

सेल्समनचा चेहराच उतरला. मी खाली बघत राहिलो. त्या गाडीचा क्लच घसरतोय हे मला आठवडाभर आधीच कळलं होतं. रविवारी दाखवू म्हणून मी तशीच चालवत होतो. हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेवटी ॲव्हरेज सोडून जी कमी बिघडते ती गाडी ठरवली. परत येताना एसटीत दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "क्लचचं मला मेकॅनिकनं त्याच दिवशी सांगितलं व्हतं. हिला तरी येळेवर दाखवत जा."