मागच्या सीटवर दोघं

दोन हजार आठच्या डिसेंबरात, एका सकाळी, अबू हलीफाहून शुवैखला ऑफिसला जाताना पोलिसांनी माझी गाडी बाजूला घ्यायला लावली. संशय असा, की मी खासगी गाडीची टॅक्सी करते. कुवेतमध्ये ह्यात परदेशी माणूस सापडला तर त्याला सरळ मायदेशी पाठवतात.

मी मूळची गुहागरकडची, माहेरची शिगवण. वडील शाळेत शिपाई होते, तरी मला आयटीआयला घातलं, ड्राफ्ट्समनचा कोर्स झाला. त्र्याण्णव साली लग्न होऊन इकडे आले, माझे मिस्टर राणे तेव्हा रिफायनरीत होते, अजून तिथेच आहेत. माझा पासपोर्ट लग्नाआधीचा, माहेरच्या नावाचा, बदलू बदलू म्हणत राहिला तो राहिलाच, आणि इथलं सिव्हिल आयडीचं कार्डही त्याच नावाने निघालं. त्याचं कधी काही अडलं नव्हतं.

तर कंपनीने शुवैखला नवी बिल्डिंग बांधली आणि तिला ग्रीन सर्टिफिकेट हवं होतं. काच कुठली, एसी कुठला, पाणी किती, सगळ्याला गुण, आणि कामावर माणसं कशी येतात त्यालासुद्धा गुण. मॅनेजरने मीटिंग घेतली, म्हणाला एकेकटे गाड्या आणू नका, एकत्र या, ज्या गाडीत तिघं असतील तिला दाराजवळ सावलीत जागा. काय सांगू तुम्हाला, इथे जुलैत उन्हातल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. मग आमच्याच गल्लीतले दोघं माझ्या गाडीतून यायला लागले. एक यासीनभाई, म्हसळ्याचे, स्टोअरला. दुसरा नीलेश, नाशिकचा इंजिनीअर, आमच्याकडेच जेवायला असायचा निम्मा आठवडा.

आता वहिनीच्या शेजारी पुढे कसं बसायचं म्हणून दोघंही मागे बसत. मी म्हटलं होतं एकदा, अरे पुढे बसा कोणीतरी, मी काय ड्रायव्हर आहे का. नीलेश म्हणाला, पुढची सीट तुमच्या डब्याच्या पिशवीची. हसलो आम्ही. त्या दिवशी पोलिसाने बघितलं ते एवढंच, पुढे बाई एकटी आणि मागे दोन पुरुष, एकमेकांच्या ना रंगाचे ना रूपाचे.

त्याने दोघांना उतरवून वेगवेगळं उभं केलं. माझं कार्ड हातात घेऊन नीलेशला विचारलं, हिचं नाव काय. नीलेश म्हणाला, वहिनी. ते नाव नाही, पूर्ण नाव सांग. मग तो म्हणाला, मिसेस राणे. पोलिसाने कार्ड बघितलं, त्यावर सुनंदा विठ्ठल शिगवण. यासीनभाईंना अरबी येतं, त्यांना विचारलं, ते म्हणाले भाभी. दीड वर्ष गाडीत बसणारी माणसं, पण ऑफिसातही सगळे मला मिसेस राणेच म्हणत, दोघांनाही माझं नाव माहीत नव्हतं. मग विचारलं, हिला देता काय. यासीनभाई खोटं बोलत नाहीत, म्हणाले, गुरुवारी मच्छी मार्केटमधून पापलेट आणून देतो.

तिथून आम्हाला ठाण्यात नेलं. मी कंपनीत फोन लावला, म्हटलं तुम्हीच सांगितलं होतं म्हणून सांगा. मॅनेजर म्हणाला, आम्ही एकत्र या म्हटलं, कोणाच्या गाडीतून ते नाही म्हटलं, कंपनीने सोय केली असं लिहून दिलं तर वाहतुकीचं परमिट कुठे म्हणून आम्हालाच विचारतील. आणि फोन ठेवला. मुलगी नववीत, पुढच्या वर्षी बोर्ड. मला पाठवलं तर तिला इथे ठेवू की नेऊ, नेली तर कुठल्या शाळेत घालू, माझ्या डोक्यात तेवढंच. नीलेशला ठाण्यातला अधिकारी म्हणाला, तू जा, पॅसेंजरवर केस नाही. तो गेला नाही. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, मला नाव माहीत नाही, बाकी काहीही विचारा.

अधिकाऱ्याने विचारलं. नवरा काय करतो, मुलं किती, घरात काय शिजतं. नीलेश सांगत गेला, राणेसाहेबांना शुगर आहे, चोरून खजूर खातात, मुलगी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, सोमवारी त्या घरी मासे शिजत नाहीत. अधिकाऱ्याने राण्यांना फोन लावून तेच उलट विचारलं, हा मुलगा कोण. राणे म्हणाले, नीलेश, त्याला वांगं चालत नाही, त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काय झालं त्याला, अपघात झालाय का. अधिकाऱ्याने फोन ठेवला. मग यासीनभाईंना म्हणाला, जिला पापलेट देता तिचं नाव तरी विचारून ठेवा.

दुपारी राणे आले, लग्नाचा दाखला दाखवला. केस झाली नाही. घरच्यांशिवाय कोणाला गाडीत घेणार नाही असं माझ्याकडून लिहून घेतलं आणि सोडलं.

मुलगी आता दहावीत आहे, इथेच. बिल्डिंगला सर्टिफिकेट मिळालं, लिफ्टजवळ पाटी लावली आहे. यासीनभाई दोन बस बदलून येतात. नीलेशने गाडी घेतली. मी माझ्या गाडीतून एकटी येते, गाडी बाहेर उन्हात लावते.