मूर्तिजापूरच्या अलीकडे

(अकोला. एसटी ड्रायव्हर पियुष ड्युटीवरून भरदुपारीच परतून दाराच्या पायरीवर बसला आहे. शेजारी बायको, आचल.)

आचल : म्हंजे गाडी बंद नाही पडली?

पियुष : गाडीले काही झालं नाही. मीच थांबवली.

आचल : भरली बस? रस्त्यात?

पियुष : मूर्तिजापूरच्या अलीकडे. समोरून ट्रक येऊन राहिला होता, त्याच्या बाजूनंच. पन मले वाटलं, आपल्याच अंगावर येते. छातीत असं धडधडलं का स्टेअरिंग धरवेना.

आचल : अगं माय! मंग?

पियुष : बाजूले घेतली. उतरलो, बाभळीखाली बसलो. कंडक्टरनं लोकं दुसऱ्या बसमधी बसवून देल्ले. एका म्हातारीनं पानी पाजलं. तिले वाटलं, मी पिऊन आहो.

आचल : सिगारेट सोडल्यापासूनच होऊन राहिलं हे. झोप नाही, धड जेवन नाही. कुकरची शिटी झाली तरी दचकता. अहो, ओढा एखादी. माह्यानं नाही पाहवत.

पियुष : तू म्हनतं हे? बाबाले दवाखान्यात तूच सांभाळलं ना?

आचल : मामाजीचं नका काढू.

पियुष : नाकाले नळी लावेल, बोलाले दम पुरत नाही, आन् मलेच म्हने, 'एक दे.' आता पाकीट हाती घेतलं का तोच आवाज येते. ओढली तं तो आवाज, नाही ओढली तं हे असं. सांग, कुठं जाऊ?

आचल : डेपोत काय सांगतलं?

पियुष : चक्कर आली म्हनून. भेव वाटते म्हटलं तं कोन गाडी देईन माह्या हातात?

आचल : उद्या अमरावतीले जाऊ. आमच्या आत्याच्या शेजारी एक डॉक्टर मॅडम आहे. सिगारेट सोडनाऱ्यायले औषध देते, असं घाबरनंही पाहते.

पियुष : पागलायची डॉक्टर?

आचल : घाबरलेल्यायची. आन् तिले ट्रकचं सांगा. चक्कर नका सांगू.

पियुष : सांगीन.

आचल : सकाळच्या बसनं निघू मंग.

पियुष : आचल...

आचल : काय?

पियुष : समोरची सीट नको धरू. मागं बसू. रस्ता दिसनार नाही, अशा जागी.