दिवसाची फेड

दोन हजार एकचा हिवाळा. अरबी किनाऱ्यावरच्या सूर बंदरात मी गलबतं बांधायचो. एक गलबत चार दिवसांत पाण्यात उतरवायचं होतं. तेवढ्यात सिनेमाचा अमेरिकन कॅमेरावाला आला. त्याचा दुभाष्या म्हणाला, "मिस्त्री, साहेबांना हवा तो उजेड पडेपर्यंत हात थांबवा."

ढग हटले नाहीत. माझा दिवस बुडाला.

साहेबाने नोटा काढल्या.

मी दुभाष्याला म्हणालो, "पैसे नकोत. दिवस घेतला, तर दिवसच दे म्हणावं."

दुसऱ्या दिवशी साहेब पहाटे हजर. पाणी शिरू नये म्हणून फळ्यांच्या फटींत त्याने दिवसभर कापूस ठोकला. संध्याकाळी त्याला हवा होता तो सोनेरी उजेड पडला. त्याची माणसं धावत आली. "साहेब, चला!"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"सूर्य अजून वर आहे," मी म्हणालो.

तो पुन्हा ठोकू लागला. सूर्य बुडाला, तेव्हा मी त्याच्या हातातून हातोडा घेतला.

फिटलं.