हळदीचा कागद

बोईसरच्या एसटी स्टँडवर इंदुबाई खाडीच्या मासळीची रिकामी पाटी पायाशी ठेवून मुरब्याच्या बसची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर कंपनीच्या गणवेशातला बाप आणि त्याची शाळकरी लेक. इंदुबाईंनी मान वळवली नाही, पण कान तिकडेच होते.

“बाबा, हळदीचा कागद तुमच्या कंपनीमागच्या नाल्याच्या पाण्यात बुडवला. लालभडक झाला!”

“मग?”

“मी वर्गात उभं राहून सांगितलं, कंपनीच खाडी नासवतेय.”

“स्वरे! नाव घेतलंस कंपनीचं?”

“घेतलं. तर मॅडमनी विचारलं, बाटली कशानं धुतली होतीस?”

“कशानं?”

“साबणानं.”

“हात्तिच्या! साबण लागला की हळद लाल होतेच. आईला विचार, माझे शर्ट धुताना रोज बघते ती.”

“मॅडमपण हेच म्हणाल्या. म्हणून आज साध्या पाण्यानं खळखळून धुतलेली बाटली घेतलीय. परत भरायची.”

“आणि परत लाल झाला तर?”

“मी पण तेच विचारलं.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, मग आत काम करणाऱ्याला विचार, नाल्यात काय सोडतात.”

मागे बाक करकरला; बाप उठला होता.

“सांगाल ना, बाबा?”

“बस आली बघ. चल, ऊठ.”

“ही आपली नाही. मुरब्याची आहे.”

कंडक्टरनं दारातून हाक मारली, “इंदुमावशी, चला!”

“तू जा रं. मी मागच्या गाडीनं येते.”